पक्षी उडतो, कारण आपण चालत राहतो

प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर दर रविवारी निसर्गभ्रमंतीच्या गटासोबत पुण्यातली वेताळ टेकडी, पाषाण तलाव, कधी नदीकाठचं कवडीपाट असं फिरणं होतं. हातात साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे (आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). पक्षी भरपूर दिसतात, पण फोटोत एकतर ठिपक्याएवढे येतात, नाहीतर पक्षी उडून गेल्यावरची रिकामी फांदी तेवढी येते. जे मिळतात त्यांना धार नसते. १५०-६०० लेन्स घ्यावी का, आणि सेटिंग काय ठेवावं?

लेन्स जरूर घ्या, पण या वर्षी नको. आधी थोडं गणित बघू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. ३०० वर झूम करून सहा मीटरवरच्या बुलबुलावर रोखलात, तर चौकटीत जेमतेम अर्धा मीटर रुंदीचं दृश्य बसतं. बुलबुल वीस सेंटिमीटरचा, म्हणजे तो चौकटीचा चाळीस टक्के भाग व्यापतो. उत्तम फोटोला एवढं पुष्कळ झालं. तोच बुलबुल बारा मीटरवर असेल तर वीस टक्के. ६०० ची लेन्स एवढंच करते, की बारा मीटरवरचा पक्षी सहावर असल्यासारखा दाखवते. तुम्ही पक्ष्याच्या निम्म्या अंतरावर पोचू शकलात, तर ते काम फुकटात झालं. शिवाय तिथे मधे हवा कमी, धूळ कमी, हात कमी हलणार. बारा मीटरवरून ६०० ने काढलेल्या फोटोपेक्षा सहा मीटरवरून ३०० ने काढलेला फोटो मला बहुतेक वेळा जास्त आवडतो.

मग सहा मीटरवर पोचायचं कसं? खरा प्रश्न तोच आहे आणि माझं उत्तर असं, की पोचायचंच नाही. बसायचं आणि पक्ष्याला येऊ द्यायचं.

गटाची भ्रमंती आणि पक्ष्यांचे फोटो ही दोन वेगळी कामं आहेत. गटात पंधरा माणसं, कुणाचा पांढरा टी-शर्ट, कुणाच्या डब्याचा आवाज, कुणीतरी बोट दाखवून "तो बघा, तो बघा" म्हणतंय. यात चूक कुणाचीच नाही. भ्रमंती ओळख व्हावी म्हणूनच असते आणि मीही पक्षी ओळखायला अशाच गटांत शिकलो. पण पक्ष्याच्या बाजूने पाहा. पंधरा दोन पायांचे प्राणी रांगेने त्याच्या दिशेने चालत येताहेत आणि प्रत्येकाने त्याच्यावर नजर रोखलेली आहे. त्याच्या लेखी हा शिकाऱ्यांचा कळप आहे. म्हणून गटासोबत जाताना दुर्बीण आणि वही न्या. कुठल्या झाडावर कोण होतं, किती वाजता होतं, काय खात होतं, एवढं लिहून ठेवा. कॅमेरा घेऊन त्याच जागी दुसऱ्या दिवशी जा. एकटे किंवा एखाद्या शांत सोबत्याबरोबर जा आणि दोन तास जागचे हलू नका.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. बहुतेक लोक त्या वेळातच उठतात. त्यानंतर मात्र आजूबाजूची जागा पुन्हा सुरू होते. आधी सातभाई येतात, पाचोळा उलटापालटा करत. मग बुलबुल, मग एखादा नाचण शेपटीचा पंखा उघडत तुमच्या अगदी जवळच्या फांदीवर. दयाळ तर माणूस बसून आहे म्हटल्यावर तीन-चार मीटरवर येऊन जमिनीवरचे किडे टिपायला लागतो. वेताळ टेकडीवर खाणीच्या पाण्याकडेला उन्हाळ्यात असं बसून पाहा. तहानेला पक्षी येणारच, फक्त तुम्ही आधीपासून तिथे असायला हवं.

सरावासाठी मी सगळ्यांना वेडा राघू हा छोटा हिरवा, किडे टिपणारा पक्षी सुचवतो. तो तारेवर किंवा वाळक्या काटकीवर बसतो, मान सारखी इकडेतिकडे फिरवतो, मग एकदम झेपावतो. चोच मिटल्याचा टक् असा आवाज जवळ असलात तर ऐकूही येतो. गोल गिरकी घेऊन बहुतेकदा तो त्याच काटकीवर परत येतो. मधमाशी पकडली असेल तर काटकीवर तिला आपटतो आणि तिचं शेपटाकडचं टोक घासून काटा नि विष काढतो, मग वर उडवून गिळतो. हे सगळं पाच-सात सेकंदांत होतं आणि तासाभरात कितीतरी वेळा होतं. तुम्हाला फक्त ती एक काटकी पकडून बसायचं आहे. पहिले दहा फेरे फोटो काढू नका, नुसते बघा. कोणत्या बाजूने परततो, उतरताना पंख कधी उघडतो, हे डोळ्यांत बसलं की बोट आपोआप योग्य क्षणी दाबलं जातं. चाळीस-पन्नास फेऱ्यांत दोन-तीन फोटो असे मिळतात, की ७०-३०० चे आहेत यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

परतण्याच्या बाजूवरून आठवलं. फार कमी लोक वाऱ्याचा विचार करतात. बहुतेक पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल, तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उतरणार. वारा समोरून असेल, तर तुम्हाला सकाळभर शेपट्या मिळणार. सूर्य पाठीशी हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी पोचल्यावर चिमूटभर माती हातातून सोडून बघा आणि ऊन नि वारा दोन्ही पाठीशी येतील अशी जागा शोधा. दोन्ही जमत नसेल, तर मी ऊन थोडं तिरकं घेतो, पण वारा सोडत नाही.

कधी जवळ जावंच लागतं. तेव्हा सरळ रेषेत जाऊ नका. तिरकं चाला, थांबा, खाली बघा, काहीतरी वेचतोय असं वाटू द्या. पक्षी खात असेल तर चाला. त्याने खाणं थांबवून मान वर केली की तुम्हीही थांबा, तो पुन्हा खाईपर्यंत. पिसं अंगाशी घट्ट आवळली, अंग लांबुडकं झालं, पाय किंचित वाकवले, की तो उडण्याच्या बेतात आहे. शिकारी पक्षी आणि बगळे उडण्याआधी पुष्कळदा शिटतात आणि अनुभवी लोक तेवढ्या इशाऱ्यावर बटण दाबून ठेवतात. पण तुमच्यामुळे तो उडाला, तर ती तुमची चूक धरा, मग उडतानाचा फोटो कितीही सुंदर येवो. मी माझ्या वहीत उडवलेल्या पक्ष्यांचीही नोंद ठेवतो. पहिल्या वर्षी ती संख्या फार मोठी होती.

शक्य तिथे खाली बसा, पाण्याच्या कडेला तर पोटावर झोपा. शेकाट्या, पाणलावा, धोबी हे उभ्याने वरून काढले की चिखलात ठेवलेल्या खेळण्यांसारखे दिसतात. लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आली की मागचा काठ दूर सरकतो, पार्श्वभूमी विरघळते आणि तीस रुपयांच्या प्लास्टिकच्या कापडावर झोपून ते सगळं मिळतं. कवडीपाटला मात्र पाण्यापासून थोडं लांब झोपा. मुळा-मुठेतून शहराचा सगळा मैला तिथे येतो, फेसाचे ढीग तरंगत असतात, आणि त्याच फेसात हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या चरत असतात. हा फेस फोटोतून कापू नका, असं माझं मत आहे. नदी जशी आहे तशी दिसू द्या.

आता सेटिंग. धार नसण्याचं कारण दहापैकी सात वेळा फोकस नसून हात हललेला किंवा पक्षी हललेला असतो. ३०० वर बसलेल्या पक्ष्याला शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/५०० सेकंदाहून संथ नेऊ नका. छोटे पक्षी क्षणभरही स्थिर नसतात, त्यांना १/१०००. उडणाऱ्याला १/२००० च्या पुढे. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, एफ/६.३ किंवा ७.१, कारण बहुतेक स्वस्त ७०-३०० पूर्ण उघड्यावर आणि शेवटच्या टोकाला थोड्या मऊ पडतात. ३०० ऐवजी २८० वर थांबून बघा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० ठेवा. दाणे आलेला धारदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, म्हणजे कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉनमध्ये एएफ-सी, आणि मधला एकच बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा धारदार असेल तर शेपटी धूसर असलेली चालते, उलटं चालत नाही. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या कच्च्या स्वरूपात घ्या.

उजेडाची भरपाई (कॅमेऱ्यावरची +/- ची खूण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) मात्र कॅमेऱ्यावर सोडू नका. समोर गडद झाडी आणि मधे बगळा असेल, तर कॅमेरा झाडी उजळवायला जातो आणि बगळ्याची पिसं जळून पांढरा कागद होतात. तिथे उणे एक करा. उलट आभाळात एका जागी पंख मारत थांबलेली कापशी घार असेल तर अधिक एक, नाहीतर तिचे लाल डोळे काळ्या सावलीत जातात. एवढ्या दोन गोष्टी बोटांना न बघता करता आल्या की निम्मे बिघडलेले फोटो वाचतात.

आणि वेळ. सूर्योदयापासून दोन-अडीच तास, संध्याकाळी शेवटचा दीड तास. उन्हाळ्यात माळावर साडेनऊनंतर जमिनीवरून वाफ थरथरायला लागते. त्या वाफेतून लांबचा पक्षी काढला तर जगातली कुठलीही लेन्स धार देणार नाही. कित्येकांनी या कारणाने चांगल्या लेन्स दुरुस्तीला दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला तुम्ही जाणारच, म्हणून थोडं सविस्तर. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यात कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा भरते. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, चमचे, पट्टकदंब, नदी सुरय, आणि त्यांच्यावर झडप घालायला टपलेले भोवत्ये हे शिकारी पक्षी. लोक होडीत बसतात आणि नावाड्याला म्हणतात, "अजून जवळ घ्या." तुम्ही उलट म्हणा: "दादा, इथेच थांबवा, बांबूवर धरा." नावाडी तिथलेच मच्छीमार. पाणी कुठे किती उथळ आहे, आज थवा कुठे सरकेल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. थांबायला सांगणारा पाहुणा त्यांनाही आवडतो, असा माझा अनुभव आहे. रोहित पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावर बरीच पावलं पळावं लागतं. ते दृश्य सुंदर दिसतं, म्हणून मुद्दाम थवा उठवणारे लोक असतात. एका सकाळी वीस होड्या, प्रत्येक होडीने एकदा उठवला, तर त्या पक्ष्यांनी चरायचं कधी? चोच उलटी करून पाणी गाळत खाणारा पक्षी आहे तो, त्याला खायला तासन्‌तास लागतात. होडी थांबवून अर्धा तास बसलात, तर चरता चरता थवा स्वतःच जवळ सरकतो, आणि माना पाण्यात घातलेले, पिल्लांच्या राखी पिसांसह, खरे रोहित तुम्हाला मिळतात.

माळरानावर गाडी हीच लपायची जागा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास किंवा सासवडच्या माळांवर गाडीतून उतरलात की धाविक हा माळावर पळणारा पक्षी दोनशे मीटर पळालाच समजा. गाडीत बसून राहिलात, इंजिन बंद केलंत, तर तो पळत, थांबत, पळत जवळून जातो. खिडकीच्या काचेवर ठेवायला जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा, त्यात दोन किलो ज्वारी भरा. विकतच्या बीनबॅगपेक्षा ती बरी बसते. पण गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवा. माळ रिकामा दिसतो, तो रिकामा नसतो. डोंबारी, चंडोल, धाविक, पखुर्ड्या, टिटव्या सगळ्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि चाकाखाली काय गेलं ते आतल्या माणसाला कळतही नाही.

टिटवीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. फोटो काढायला लागून दुसरं वर्ष असेल. एप्रिलची सकाळ, दहाचा सुमार, मी धाविकाच्या मागे माळावर बसलो होतो. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, आणि मी खुशीत होतो, कारण ती इतक्या जवळून जात होती की पंखांवरचा पांढरा पट्टा चौकटीत मावत नव्हता. पंचवीस मिनिटं मी तिचे फोटो काढले. मग पिशवी उचलायला वळलो आणि आठ पावलांवर खड्यांच्या मधे चार अंडी दिसली, मातकट, काळे डाग असलेली. ती ओरडत का होती ते तेव्हा समजलं. मी लांब गेलो, दुर्बीण लावली. टिटवी उतरली, थेट अंड्यांवर न जाता डबक्याकडे गेली, पोटाची पिसं पाण्यात भिजवली, परत येऊन अंड्यांवर उभी राहिली आणि पंख जरा फाकवून सावली धरली. उन्हाळ्यात टिटवीचं काम अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचं असतं. एप्रिलच्या दहाच्या उन्हात मी तिला पंचवीस मिनिटं दूर ठेवलं होतं. पुढच्या रविवारी लांबून पाहिलं तर जागा रिकामी होती. मुंगसाने अंडी नेली, कुत्र्याने नेली, की आतली पिल्लं त्या उन्हात गेली, ते सांगता येत नाही. त्या सकाळचे फोटो मी कुणाला दाखवत नाही.

म्हणून घरट्याबाबत मी कडक आहे. पक्षी ओरडत डोक्यावर फिरतोय, पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटतोय, चोचीत अळी धरून फांदीवर नुसता बसलाय आणि गिळत नाही, यातलं काहीही दिसलं तर आलात त्याच वाटेने मागे फिरा. घरटं नीट दिसावं म्हणून पुढची डहाळी मोडणारे लोक आहेत. ती डहाळी कावळ्यापासून आणि उन्हापासून आडोसा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या या चिमुकल्या रंगीत पक्ष्याच्या बिळासमोर रांगा लागतात, तिथे जाऊ नका. कुणी पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी नको.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं हेही तसंच. मेच्या शेवटी नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी येतो, पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि ती वाजवली की तो धावत येतो, हे खरं. पण तो येतो दुसरा नर आपल्या जागेत घुसला असं समजून, भांडायला. विणीच्या ऐन दिवसांत खाणं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला खात्रीने सापडलं नव्हतं, १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसलं. अशा पक्ष्याच्या जागी रोज चार गट येऊन मोबाइल वाजवू लागले तर काय होईल, याचा विचार करा. घुबडं, माळढोक, विणीतले पक्षी यांचे फोटो टाकताना ठिकाण लिहू नका आणि फोटोच्या फाइलमधली जागेची नोंदही काढून टाका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी मात्र जरूर भरा. संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा तिथे झाकल्या जातात आणि तुमच्या साध्या रविवारच्या नोंदीही अभ्यासाला उपयोगी पडतात.

लेन्सची काळजी फार लांबवत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, पावसाळ्यात कपाटात कातडी पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर काचेवर दव बसलं तर पुसू नका, पाच-दहा मिनिटं आपोआप जाऊ द्या.

आता एका महिन्यात काय करायचं ते सांगतो. हिवाळा संपत आला की काटेसावर फुलायला लागते, मागोमाग पांगारा, मग पळस. तुमच्या नेहमीच्या वाटेवरचं एक झाड निवडा, शक्यतो बुटकं, म्हणजे फुलं डोळ्यांच्या उंचीवर येतील. उगवतीकडे पाठ करून पाच-सहा मीटरवर बसता येईल असं. पळसाच्या एका झाडावर सकाळच्या दोन तासांत शिंजीर, कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, पोपट, हळद्या आणि नशीब असेल तर भोरड्यांचा अख्खा थवा येऊन जातो. कोतवाल मध पिऊन निघाला की त्याच्या कपाळावर पिवळे परागकण लागलेले असतात, काळ्या पिसांवर ते सोन्याच्या भुकटीसारखे चमकतात. ते दिसतील एवढ्या जवळून फोटो मिळाला तर लेन्स पुरेशी आहे. सलग चार रविवार त्याच झाडाखाली बसा आणि चौथ्या रविवारचे फोटो पहिल्या रविवारच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. तरीही ६०० हवीशी वाटली, तर विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणून भिगवणला वापरून पाहा. जवळपास दोन किलोचं ते वजन दिवसभर हातात कसं वाटतं, हे दुकानात कळत नाही.